आकडा माझा, साखर कोणाची?

थायरॉइड झालं तर ‘काय केलंस?’ असं कोणी विचारत नाही. मुतखडा झाला तर फार तर ‘पाणी कमी पितोस’ एवढं ऐकून घ्यावं लागतं. टाइप टू डायबेटिसच्या रिपोर्टसोबत मात्र चारित्र्याचा दाखलाही हातात पडतो. तोंडावर ताबा नाही, बैठं काम, रात्रीची जागरणं, बाहेरचं खाणं. तिशीच्या आत झाला असेल तर बोलायलाच नको. मला तो सव्विसाव्या वर्षी कळला, कंपनीच्या वार्षिक तपासणीत. तेव्हा वजन होतं ६४ किलो. ‘पण तू तर बारीक आहेस!’ हे वाक्य मी तेव्हापासून इतक्यांदा ऐकलंय की त्याचं रिंगटोन करता येईल.

गेलं वर्षभर मी अधूनमधून दंडावर सेन्सर लावतो. मोठ्या नाण्याएवढी चकती असते. तिच्याखालचा पाचेक मिलिमीटरचा बारीक तंतू त्वचेत शिरतो आणि १४ दिवस तिथेच राहतो. तो थेट रक्तातली साखर मोजत नाही, पेशींभोवतालच्या द्रवातली मोजतो. त्यामुळे आकडा रक्तापेक्षा काही मिनिटं मागे असतो. त्या हातावर झोपलं की दाबामुळे साखर खोटीच खाली गेलेली दिसते आणि मध्यरात्री फोन बोंबलतो. पण एकंदरीत यंत्र चांगलं आहे. पूर्वी तीन महिन्यांतून एकदा कळायचं ते आता दर काही मिनिटांनी कळतं. ७० ते १८० या पट्ट्यात दिवसाचा ७० टक्के वेळ राहा, असं साधारण उद्दिष्ट असतं. पट्टा हिरवा. बाहेर गेलात की रेष पिवळी किंवा लाल.

आणि रंग आला की निवाडा आला. हा आकडा माझ्या शरीराची अवस्था सांगतो की माझी लायकी?

पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं, की रात्री नऊनंतर पाण्याशिवाय काही घेतलं नाही तरी पहाटे पाचला रेष वर चढते. उठायची वेळ झाली की शरीर काही संप्रेरकं सोडतं आणि यकृत साठवलेली साखर बाहेर काढतं. मी झोपेत असतो, माझ्या तोंडात काही नसतं, तरी आकडा १५०. ऑफिसात एका रात्री रिलीज फसला तेव्हा दोन तास खुर्चीवरून न उठता साखर २१२ वर गेली. खाल्ल्या होत्या फक्त शिव्या. उलट काजू आणि तळलेला बांगडा खाल्ला तर रेष सपाट, हिरवीगार. अ‍ॅप खूश. रक्तवाहिन्यांत काय साचतंय ते अ‍ॅपला ठाऊक नाही. एकच आकडा सुधारायचा ठरवला की बाकीचं जग त्याच्या आड लपतं, हे आमच्या धंद्यात पहिल्या वर्षीच शिकतात.

आमच्या धंद्यात आणखी एक गोष्ट शिकतात. सर्व्हर पडला की नंतर बैठक होते, तिला ‘ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम’ म्हणतात. चुकीचं बटण कोणी दाबलं हा प्रश्न तिथे गौण असतो. एका बटणाने सगळं कोसळावं अशी व्यवस्था मुळात का होती, हे विचारायचं असतं. गंमत म्हणजे दिवसभर अशा बैठकांना बसणारी आम्ही माणसं संध्याकाळी स्वतःचा ग्राफ उघडतो आणि पहिला प्रश्न विचारतो तो ‘कोणी खाल्लं?’ हाच.

व्यवस्थेचा प्रश्न विचारायचा तर पुण्यातच एक उत्तर आहे. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं जन्माचं सरासरी वजन होतं २.७ किलो, इंग्लंडमधल्या ज्या बाळांशी तुलना केली त्यांचं ३.५ किलो. पुण्याची बाळं लहान आणि हडकुळी, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून. स्नायू कमी, चरबी राखलेली. २००४ मध्ये याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. युडकिनच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. बारीक दिसणारा भारतीय आतून बारीक नसतो, हे इतक्या सभ्यपणे आणि स्वतःला पुढे करून क्वचितच कोणी सांगितलं असेल. माझ्या साखरेची काही वळणं माझ्या आईने माझ्या जन्माआधी काय खाल्लं, किंवा तिला काय खायला मिळालं नाही, तिथे सुरू होतात. हा आईवर ठपका नाही. तिला तरी कोणी विचारलं होतं?

मग हात वर करावेत का? नाही. अमेरिकेत ‘टुडे’ नावाच्या अभ्यासात किशोरवयात टाइप टू झालेल्या मुलांकडे वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. २०२१ मध्ये निष्कर्ष आला, की सरासरी वय २६ होईपर्यंत त्यांच्यातल्या सुमारे ६० टक्क्यांना डोळे, मूत्रपिंड किंवा नसा यांपैकी निदान एका ठिकाणी इजा झाली होती. लहान वयात आलेला हा आजार म्हाताऱ्यांच्या डायबेटिसपेक्षा जास्त घाईत असतो. दोष माझा नसला तरी डोळे माझे आहेत. ‘जबाबदारी’ या शब्दात ‘जबाब’ आहे, आणि जबाब द्यायला गुन्हेगार असावं लागत नाही. ज्याच्या दारात पाणी आलंय त्याने बांध घालायचा. पाऊस त्याने पाडलेला नसतो.

इथवर विचार सोपा होता. अवघड भाग फोंडाघाटात सुरू होतो.

राधानगरी, दाजीपूर करत घाट उतरलं की आमचं गाव. चतुर्थीला घरोघरी भजनं, मग काळ्या वाटाण्याची उसळ, चहा, मोदक. ‘नको’ म्हटलं की उत्तर ठरलेलं: ‘एका मोदकान काय होणा नाय, खा रे.’ एरवी काकीकडे जेवायला बसलो आणि ‘आज माझो सोमवार’ म्हटलं, तर बांगड्याचं तिखलं निमूट पुढे सरकतं. कोणी आग्रह करत नाही, उलट थोडा मान वाढतो. तोच मी ‘साखर वाढता’ म्हणालो की मात्र वाटाघाटी सुरू.

सोमवार का चालतो आणि साखर का चालत नाही, यावर मी बराच विचार केलाय. सोमवार सगळ्यांचा आहे. काकीही तो पाळते; माझा नकार तिच्या जगातच राहतो. साखरेचा आकडा एकट्या माझा, माझ्या फोनमधला. त्याच्या जोरावर दिलेला नकार तिला तिच्या हाताचा नकार वाटतो, आणि तिचं फारसं चुकत नाही. काकीपुढे फोन धरून ग्राफ दाखवणं मला उर्मटपणाच वाटतो.

आकडा सामायिक करायची सोय अ‍ॅपमध्ये आहे, नाही असं नाही. आईच्या फोनवर माझी रेष दिसते. त्या रिलीजच्या रात्री साडेअकराला तिचा फोन आला, ‘झिला, २१२ कित्याक? काय खाल्लस?’ काळजीच ती. पण काळजीचा सूर आणि पोलिसांचा सूर इतका सारखा असू शकतो हे मला माहीत नव्हतं. हीच आई स्थळ बघायला जाताना म्हणते, लांब बाह्यांचा शर्ट घाल. लग्नाआधी मुलीला सांगायचं, हे आमचं ठरलेलं आहे; त्यावर वाद नाही. पण बाह्या सांगण्यासाठी नसतात. त्या लाजेसाठी असतात. चष्मा काढून जा, असं ती कधी म्हणाली नाही.

बाबांनाही डायबेटिस आहे, वीस वर्षांपासून. ते तीन महिन्यांनी कणकवलीला जाऊन रक्त देतात, कागद घडी करून पाकिटात ठेवतात आणि विषय संपतो. या चतुर्थीला मी त्यांच्या दंडावरही एक सेन्सर लावला. किंमत ऐकून ते आधी गप्प झाले, मग म्हणाले, ‘तुझ्याच हातार लाव मरे.’ तरी लावून घेतला. रोज संध्याकाळी ओटीवर आम्ही दोन्ही फोन शेजारी ठेवायचो. उकड्या तांदळाच्या पेजेनंतर त्यांचा चढ माझ्यापेक्षा उंच, उतार मंद. मोदक आम्ही दोघांनी मिळून एक खाल्ला. काकी हसली आणि तिने पुन्हा आग्रह केला नाही. पहाटेची टेकडी मात्र दोघांची जवळजवळ सारखीच होती, पाचच्या सुमाराला, त्याच बेताच्या उंचीची.

बाबा बराच वेळ दोन्ही रेघांकडे बघत होते. आजोबांचा पाय शेवटी बरा झाला नव्हता. घरात त्याला सगळे अजून ‘काटो लागलो होतो’ एवढंच म्हणतात. चष्मा कपाळावर सरकवत बाबा म्हणाले, ‘माझ्या बापाशीचो ह्यो ग्राफ कसो दिसलो असतो रे?’