सभागृह रिकामं होतं तेव्हा

'नळ आले काय?' हा प्रश्न अमरावतीत आणि अकोल्यात सारखाच विचारला जातो. नळ आले नाहीत तर कोणाला धरायचं, हे मात्र दोन्हीकडे वेगळं. अमरावतीला मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणाचं पाणी पुरवतं महाराष्ट्र जीवन प्राधिकरण. बिल त्यांचं, जलवाहिनी त्यांची. नगरसेवक फार तर निवेदन देणार. अकोल्यात महानच्या काटेपूर्णा धरणातून पाणी महापालिकाच आणते, त्यामुळे शिव्याही थेट तिलाच बसतात. नळ काही दिवसांच्या अंतराने येत असले तरी मला अकोल्याची रीत अधिक सरळ वाटते. शिवी योग्य पत्त्यावर तर पोचते!

मार्च 2022 मध्ये मात्र हा पत्ताच हरवला. दोन्ही महापालिकांची मुदत संपली, ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात निवडणुका अडकल्या आणि जवळजवळ चार वर्षं आयुक्त हेच प्रशासक राहिले. प्रस्ताव मांडणारेही तेच, स्थायी समितीही तेच आणि आमसभाही तेच. कामं झटपट होतात, असं या काळाचं कौतुक करणारे भेटतात. गोंधळ नाही, सभात्याग नाही. खरं आहे. पण विरोधात हात वर करणारा कोणी नसेल तर ठराव झाला म्हणायचं की हुकूम निघाला म्हणायचं?

निवडून आलेलं सभागृह फार शहाणं असतं, असा माझा दावा नाही. अकोल्याच्या मालमत्ता कराची गोष्ट पाहा. 2001 मध्ये महापालिका झाली आणि पुढची सोळाएक वर्षं कराचे दर सुधारलेच नाहीत. मतदार नाराज होतील, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या नगरसेवकांनी हा विषय टाळला. मग 2017 मध्ये एकदम वाढ केली तेव्हा लोकांना ती लुटीसारखी वाटली. एक नगरसेवक न्यायालयात गेला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2019 मध्ये वाढ रद्द केली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून महापालिकेच्या बाजूने कौल दिला. मला हा शेवट योग्य वाटतो. पाईप बदलायला, नाल्या बांधायला पैसा लागतो आणि तो मुंबईच्या अनुदानाची वाट पाहत बसून येत नाही. पण त्या नगरसेवकाचंही मोल कमी नाही. त्याच्यामुळे कराचा हिशेब उघड्यावर आला.

लोकसहभागाचंही असंच. 13 जानेवारी 2018 रोजी मोर्णा नदी साफ करायला सहा हजारांवर अकोलेकर उतरले. चार किलोमीटरच्या पट्ट्यात चौदा ठिकाणी काम झालं, पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये उल्लेख केला. मोहीम जिल्हा प्रशासनाच्या पुढाकाराने उभी राहिली आणि उत्साह अस्सल होता. पण जलकुंभी काढायला माणसं पुरतात. नदीत उतरणारं सांडपाणी अडवायला वर्षानुवर्षं तरतूद करणारं अंदाजपत्रक लागतं. फावडं लोकांनी धरलं, अंदाजपत्रकावर बोलायला कोणी बोलावलं नाही.

शहराची तहान पुन्हा शहरापुरती नसते. तेल्हाऱ्याजवळच्या वान धरणातलं पाणी अकोल्यासाठी राखून ठेवण्याचं ठरलं तेव्हा तिकडचे शेतकरी रस्त्यावर आले आणि सरकारला स्थगिती द्यावी लागली. जमिनीखालचं पाणी खारट असलेल्या खारपाणपट्ट्याच्या माणसाला गोड्या पाण्याची किंमत कोणी शिकवायची? आधी त्याला विचारलं असतं तर बरं झालं असतं.

15 जानेवारी 2026 ला निवडणूक झाली. अमरावतीत 87, अकोल्यात 80 नगरसेवक पुन्हा बाकांवर आले. प्रशासकाच्या काळात मंजूर झालेल्या मोठ्या खर्चांची यादी त्यांनी आमसभेत मागावी, ती शहरासमोर ठेवावी. आणि वाचकहो, 2009 पासून कायद्यात क्षेत्रसभेची, म्हणजे भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद आहे. तुमच्या भागात ती कधी भरणार, हे तुमच्या नगरसेवकाला लेखी विचारा.