चार अक्षरं, दोन शब्द

ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडच्या कडेने ब्राझोस नदी वाहते. तिचं नाव स्पॅनिश आहे, अर्थ बाहू. इथल्या मराठी घरांतली मुलं शाळेत स्पॅनिश घेतात आणि एके दिवशी वहीत ओ-एन-सी-ई ही अक्षरं येतात. इंग्रजीत ती 'वन्स', म्हणजे एकदा. स्पॅनिशमध्ये 'ओन्से', म्हणजे अकरा. पी-ए-एन इंग्रजीत तवा, स्पॅनिशमध्ये पाव. एस-आय-एन इंग्रजीत पाप, स्पॅनिशमध्ये 'शिवाय'. मूल विचारतं, हे शब्द एकमेकांचे कोण?

या प्रश्नाचं उत्तर घाईने देऊ नये. आधी आपल्याच लिपीत पाहावं. हिंदी बोलणाऱ्या शेजारणीची पीठ दुखते, आपल्या डब्यात पीठ असतं. तिची पीठ 'पृष्ठ'वरून आली, आपलं पीठ 'पिष्ट'वरून, म्हणजे दळलेलं. संस्कृतातले 'ष्ट' आणि 'ष्ठ' हे दोन्ही प्राकृतात 'ट्ठ' झाले, पुढे त्यातला ट गळला आणि आधीचा स्वर लांबला. अष्टचं आठ झालं, मुष्टीची मूठ झाली, ते याच वाटेने. दोन परके शब्द एकाच उतारावरून घसरत आले आणि पायथ्याशी त्यांची रूपं जुळली. 'विद्यापीठ'मधलं पीठ, म्हणजे आसन, हे तर तिसरंच.

'शिक्षा'चं तसं नाही. हिंदीत ती शिक्षण, मराठीत दंड. पण शब्द मुळात एकच, त्याचा अर्थ तेवढा दोन घरांत वेगळा वाढला. कोशात दोन्ही प्रकार सारखेच दिसतात. माझ्या मते भाषा शिकवताना हा भेद सांगायलाच हवा, नाहीतर मुलाला सगळाच योगायोग वाटतो किंवा सगळंच नातं वाटतं.

पावाचा स्पॅनिश शब्द हा रोमनांच्या 'पानिस'चा झिजलेला अवशेष. 'शिवाय' या अर्थाचा स्पॅनिश शब्द लॅटिन 'सिने'चा. त्यांच्या इंग्रजी जुळ्यांची घराणी वेगळी, तिथे विषय संपतो.

'ओन्से' मात्र थांबून पाहण्यासारखा आहे. लॅटिनमध्ये अकरा म्हणजे 'ऊन्देकिम', एक आणि दहा. त्याचा 'ओन्से' झाला. इंग्रजी 'वन्स' हे 'वन'चंच षष्ठीचं जुनं रूप. शेवटचा 'स' मऊ होऊन 'झ' होत नाही, हे दाखवायला लेखनिकांनी पुढे तिथे सी-ई लिहिलं. म्हणजे अक्षरं जुळली ती निव्वळ योगायोगाने. पण लॅटिन 'ऊनुस' आणि इंग्रजी 'वन' हे एकाच प्राचीन मुळाचे, आणि संस्कृत 'एक'ही त्याच मुळाला 'क' जोडून झालेला. मराठीतही 'एकदा'मध्ये एक उघड दिसतो. 'अकरा'मध्ये तो 'एकादश'मधून आला आणि झिजून 'अक' एवढाच उरला.