भिंतीतली पन्हळ

जुन्या घरात राहणाऱ्या माणसाला पाहुणे दोन गोष्टी हमखास सांगतात. पहिली, "किती गार वाटतं हो इथं!" आणि दुसरी, "हे असंच ठेवा बरं का, काही बदलू नका." दोन्ही गोष्टी ते ओसरीवर बसून, हातात चहाचा कप घेऊन सांगतात आणि दिवेलागणीच्या आत आपल्या लख्ख उजेडाच्या घरी परत जातात. माझी पत्नी एकदा म्हणाली, "त्यांना आपल्या माजघरात दोन दिवस पोळ्या लाटायला बसवा. म्हणजे काय असंच ठेवायचं ते कळेल."

वाईतला आमचा वाडा एकचौकी आहे. पेशवाईच्या अखेरीस बांधलेला, असे घरात सांगत आले आहेत. घडीव दगडाचे जोते, त्यावर सागवानी खांब आणि तुळया, पातळ विटांच्या रुंद भिंती, मागे परसू आणि परसात आड. मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा पाहायला येणारी मंडळी (तिथे 'स्वदेस' या चित्रपटाचे चित्रीकरण झाल्यापासून, म्हणजे २००४ पासून, ती वाढली) कधी कधी वाट वाकडी करून आमच्याकडेही डोकावतात. तीन वर्षांपूर्वी आम्ही या वाड्याच्या दुरुस्तीला हात घातला. वाटण्यांचा आणि भाऊबंदांचा इतिहास इथे सांगत नाही. तो सगळ्यांच्या घरी सारखाच असतो. शिक्षकांच्या पतपेढीतून कर्ज काढले आणि पावसाळा संपल्यावर काम सुरू केले, एवढे पुरे.

कामाला हात लावल्यावर पहिला धडा मिळाला तो चुन्याचा. १९७४ साली वडिलांनी ओल थांबावी म्हणून खालच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. हेतू चांगला होता. पण जुनी भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती हवेत सोडून देते. सिमेंटने तिची वाटच बंद झाली. कोंडलेली ओल आतल्या आत सरकत खांबांपर्यंत गेली. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या एका खांबाच्या बुंध्याशी मिस्त्रींनी पटाशी टेकवली, तर ती मुठीपर्यंत आत गेली. तळखड्यावर लाकूड नव्हतेच, नुसता भुसा होता. पन्नास वर्षे आम्ही त्या खांबाला पाठ टेकून सण साजरे केले होते.

मग चुना आला. कळीचा चुना पाण्यात विरवायचा, कित्येक दिवस मुरू द्यायचा, वाळूबरोबर दळायचा. बैलाच्या घाणीची जागा आता विजेच्या चक्कीने घेतली आहे. पण त्यात गुळाचे आणि बेलफळाचे पाणी घालायचे आणि ताग कापून मिसळायचा, हे मिस्त्री त्यांच्या वडिलांकडून शिकले होते तसेच करीत. सिमेंट एका रात्रीत घट्ट होते. चुना हवा पीत पीत वर्षानुवर्षे दगड होत जातो. "चुन्याला घाई चालत न्हाई, मास्तर," ते म्हणत. माझी घाई कर्जाच्या हप्त्यांची होती, हे त्यांना माहीत असावे.

वास्तुविद्या शिकलेला माझा एक जुना विद्यार्थी या कामात सल्ला देत होता. त्याने मला रस्किन वाचायला दिला. गांधीजींनी १९०४ साली आगगाडीच्या प्रवासात ज्याचे पुस्तक वाचले आणि ज्याने त्यांचे आयुष्य बदलले, तोच हा रस्किन. पण हे पुस्तक दुसरे, १८४९ सालचे, वास्तुकलेवरचे. मी ते शब्दकोश शेजारी ठेवून वाचले. त्याचे म्हणणे मोठे कडक आहे. जुन्या इमारतीची डागडुजी करा, तिला टेकू द्या, पण तिला पुन्हा पूर्वीसारखी 'करू' नका, कारण ते खोटे बोलणे आहे. जुनी इमारत आपली नसतेच. काही अंशी ती बांधणाऱ्यांची असते आणि काही अंशी पुढे येणाऱ्यांची. याच विचाराने विल्यम मॉरिसने १८७७ साली इंग्लंडात जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. उलट जपानात इसेचे देवालय दर वीस वर्षांनी नव्या लाकडाने पुन्हा बांधतात (शेवटचे २०१३ साली बांधले) आणि कोणालाही ते खोटे वाटत नाही. तिथे लाकूड जुने नसते, बांधणारे हात जुने असतात. मला दोन्ही पटले. म्हणजे त्या वेळी मला काहीच नीट पटले नव्हते.

पहिला वाद माजघरावरून झाला. पत्नीला छपरात काचेची कौले हवी होती. विद्यार्थी म्हणाला, "सर, मूळच्या घरात असा उजेड नव्हता." पत्नीने शांतपणे विचारले, "मूळच्या घरात स्वयंपाक कोण करीत होतं, ते त्या पुस्तकात लिहिलंय का?" काचेची कौले बसली. आता सकाळी नऊच्या सुमारास उन्हाचा चौकोन चुलीच्या जुन्या जागेवर पडतो. ज्या चार-पाच पिढ्यांच्या बायकांनी तिथे धुरात डोळे घालवले, त्यांच्यापैकी कोणी परत आली तर 'आमचं घर बिघडवलंत' असे म्हणेल, असे मला वाटत नाही. शनिवारवाड्याला हा प्रश्न पडत नाही. १७३२ साली वास्तुशांत झालेला तो वाडा १८२८ च्या आगीत जळाला. राहिले ते तट, दरवाजे आणि जोती. तिथे कोणी राहत नाही, म्हणून तिथे भांडणही नाही. राहत्या घरात मात्र 'असेच ठेवा' म्हणताच, 'असेच म्हणजे कोणासाठी होते तसे?' हा प्रश्न उंबरठ्यावर येऊन उभा राहतो.

तो खऱ्या अर्थाने उभा राहिला परसात. आडाच्या कट्ट्याशेजारी, न्हाणीघराच्या भिंतीत, कमरेच्या उंचीवर एक दगडी पन्हळ होती. आत कुंडी, भिंतीतून आरपार गेलेली पन्हळ आणि बाहेर बोळात एक डोणी. डोणी रस्त्याच्या भरावात अर्धी गाडली गेली होती. राडारोडा काढताना ती पुरी मोकळी झाली. काम मोठे सुबक होते. पन्हळीच्या तोंडाला बारीक कमळ कोरलेले. ती गुरांना पाणी पाजण्यासाठी असावी असे आम्ही सगळे धरून चाललो होतो.

काम पाहायला आत्या आली होती. तिचे वय ऐंशी. ती म्हणाली, "गुरांची डोणी गोठ्यात होती. ही माणसांची."

मग तिने सांगितले. आडाला ज्यांनी शिवायचे नाही, ती माणसे बोळात घागरी घेऊन उभी राहत. आतून कुंडीत पाणी ओतायचे, ते पन्हळीतून बाहेर जायचे. "मीही ओतलंय. आठ वर्षांची असेन. आई कळशी भरून द्यायची, मी ओतायची. पलीकडं कोण आहे ते दिसायचं नाही. बांगड्या वाजायच्या, त्यावरून कळायचं की बाई आहे." आत्याच्या आवाजात लाज नव्हती, उलट थोडा अभिमानच होता. "दुष्काळातसुद्धा आपल्या दाराशी आलेलं माणूस पाण्यावाचून परत गेलं नाही."

मी मनातल्या मनात हिशेब केला. आत्या आठ वर्षांची म्हणजे १९५३ साल. घटना लागू होऊन तीन वर्षे झाली होती आणि तिच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली होती. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला सव्वीस वर्षे झाली होती. पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला, त्या १८६८ सालाला तर पंच्याऐंशी वर्षे. आणि वाईत, कमळ कोरलेल्या पन्हळीतून, माझी आत्या पाणी ओतत होती.

कळशी भरून देणारी ती बाई म्हणजे माझी आजी. मी तिच्या मांडीवर झोपलो आहे. उन्हाळ्यात ती दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारून गूळपाणी द्यायची, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. तेच हात आणि हीच कुंडी. यांपैकी एक खरे आणि दुसरे खोटे असते तर मला किती सोपे गेले असते!

दुसऱ्या दिवशी मिस्त्री त्या भिंतीशी आले, तेव्हा मी त्यांना ही हकिकत सांगू लागलो. त्यांनी मला मध्येच थांबवले. "ठावं हाय, मास्तर. आज्जी यायची माझी हितं." दोन महिने ते आमच्याकडे काम करीत होते, आमच्याच आडाचे पाणी पीत होते, त्यांनी हे कधी काढले नव्हते. एवढेच पुढे म्हणाले, "पानी गोड हुतं म्हनायची. पर कवा येनार ते आतल्यांच्या हातात. उन्हं वर यायची कवा कवा."

मी विचारले, "मिस्त्री, ही पन्हळ काढून भिंत बुजवू या का?"

ते थापीवरचा चुना खरवडत राहिले. मग म्हणाले, "दगूड तुमचा, भिंत तुमची. मला कशाला इचारताय? दुपारपातुर काय ते सांगा, चुना कालवून ठेवलाय."

हे उत्तर मला लागले, आणि ते लागायलाच हवे होते. त्यांनी 'काढा' म्हटले असते तर मी काढली असती आणि त्यांच्या इच्छेचा मान राखला असे समाधान मिळवले असते. 'राहू द्या' म्हटले असते तर त्यांनी क्षमा केली असे धरून चाललो असतो. माझ्या घराचे ओझे मी दोन महिन्यांच्या मजुरीवर आलेल्या माणसाच्या डोक्यावर देऊ पाहत होतो. त्यांनी ते जागच्या जागी ठेवले.

त्या दुपारी रस्किनची आठवण झाली. इमारत बांधणाऱ्यांची आणि पुढे येणाऱ्यांची, असे दोनच वाटेकरी त्याने मोजले. भिंतीच्या बाहेर उभे राहिलेले मोजले नाहीत. आमच्या वाड्यावर त्यांचा काय हक्क होता? वाटणीपत्रात नव्हता, सात-बाऱ्यावर नव्हता. पण त्या भिंतीत एक भोक केवळ त्यांच्यासाठी पाडलेले होते. ते बुजवले तर ती माणसे तिथे कधी उभी होती याची घरातली एकुलती एक नोंद आम्ही पुसणार होतो. मग वाडा निर्दोष दिसला असता. खोटे बोलणारी दुरुस्ती म्हणतात ती याहून वेगळी काय असते? मिस्त्रींना मी सांगितले, पन्हळ राहू द्या. त्यांनी भोवतीचा गिलावा केला, कडा साफ केल्या आणि पुढच्या भिंतीकडे वळले.

पण नुसते ठेवले म्हणजे आठवले असे होत नाही, हे लवकरच कळले. मुंबईहून आलेल्या एका रसिक पाहुण्यांनी ती पन्हळ पाहिली आणि ते हरखून गेले. खाली तांब्याचे घंगाळ ठेवा, त्यात फुले सोडा, असे त्यांनी सुचवले. डोणीत शोभेची झाडे लावायचाही सल्ला मिळाला. मी म्हटले, पाटी लावू या. पत्नी म्हणाली, "पाटीत तुम्हीच मोठे दिसाल. बघा, आम्ही किती प्रामाणिक!" पाटी राहिली. कोणी विचारले तर खरे सांगायचे, एवढे ठरले.

गेल्या दिवाळीत ओसरीवर फराळाला चार माणसे होती, आत्याही होती. पन्हळीचे कौतुक निघाले, आणि माझी बारा वर्षांची मुलगी चकली मोडता मोडता म्हणाली, "ती शोभेची नाहीये. शिवाशीव व्हायला नको म्हणून ते लोक तिथून पाणी ओतायचे." पाहुण्यांचा चहा निवला. आत्या उठून आत गेली. पाडव्याची वाट न पाहता ती दुसऱ्या दिवशी पुण्याला परतली. जाताना म्हणाली, "तुझ्या लेकीनं माझ्या आईला परक्यांपुढं उभं केलं."

मुलीचे चुकले का? ती खरे बोलली होती, आणि आम्हीच तिला तसे सांगितले होते. तरी काहीतरी खटकले होते. ते सापडायला मला चार दिवस लागले. मी तिला म्हटले, "ते लोक ओतायचे म्हणू नकोस. आम्ही ओतायचो, असं म्हण." ती म्हणाली, "पण बाबा, मी कुठं ओतलं?" प्रश्न बरोबर होता. मी तिला विचारले, "हे खांब तू उभे केलेस? उन्हाळ्यातली ही गार ओसरी तू बांधलीस? तरी आपला वाडा म्हणतेसच ना?" तिला पटले की नाही, कळले नाही. बारा वर्षांच्या मुलीला पटावेच असा माझा आग्रह नाही. मलाही ते पंचेचाळिसाव्या वर्षी उमगले. शिवाय 'आम्ही' म्हणून खरे सांगितले असते तरी आत्याला ते टोचलेच असते. आजीची बाजू मांडायला आता तिच्यावाचून कोणी उरलेले नाही. आणि ज्या आईने आपल्याला वाढवले तिच्याविषयीचे खरे ऐंशीव्या वर्षी ऐकून घे, असे तिला सांगण्याचा अधिकार मला आहे की नाही, याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही.

वर्षभर आत्याचा फोन नव्हता. मी केला तर सून उचलायची, प्रकृती बरी आहे म्हणायची. परवा, माळ्यावरून आकाशकंदील काढत असताना, तिचा आपणहून आला. दाराला तोरण कुठल्या फुलांचे करणार, करंज्यांत खोबरे ओले घालणार की सुके, असे सगळे विचारून झाले. मग म्हणाली, "ते भोक बुजवलंस का रे?"

"नाही, आत्या."

थोडा वेळ पलीकडून काही ऐकू आले नाही.

"थंडीत वारा येत असेल मग न्हाणीघरात."

मी म्हणालो, "येतो."