साक्ष आणि सल्ला

आपल्या मंडळ्यांमध्ये साक्ष देण्याची रीत जुनी आहे. प्रभूने आपल्यासाठी काय केले हे मनुष्य उभे राहून सांगतो आणि ऐकणारे देवाचे आभार मानतात. अलीकडे मात्र घरोघरच्या प्रार्थनासभा संपून चहा आला की दुसऱ्याच साक्षी ऐकू येतात. एकाने रात्रीचे जेवण सोडले आणि वजन उतरले. एकीने गहू बंद केला आणि गुडघे दुखायचे थांबले. कोणी सकाळी दुधीचा रस घेतो, कोणी मेथीचे पाणी. सांगणाऱ्याचा चेहरा आनंदी असतो, आणि तो काही खोटे बोलत नसतो. परंतु शेवटी एक वाक्य हमखास येते : "तुम्हीही हेच करा."

ह्या शेवटच्या वाक्याविषयी आम्ही येथे विचार करणार आहोत. मला गुण आला, ही साक्ष झाली. तुम्ही तेच करा, हा सल्ला झाला. साक्ष देणारा फक्त स्वतःविषयी खरे बोलण्यास बांधलेला असतो. सल्ला देणारा दुसऱ्याच्या शरीराची जबाबदारी अंगावर घेतो. एकीवरून दुसऱ्यावर आपण किती सहज उडी मारतो!

बीदर शहरातील मैलूर भागाचेच उदाहरण घ्या. येथे कन्नड, मराठी आणि दखनी ह्या तिन्ही भाषा कानांवर पडतात. अनेकांचे सोयरे उदगीर, लातूर, सोलापूर आणि हैदराबाद येथे आहेत. त्यामुळे महाराष्ट्रात खाण्यापिण्याविषयी जे वारे सुटते ते सोयऱ्यांबरोबर येथेही पोहोचते. २०१८-१९ च्या सुमारास असे एक मोठे वारे सुटले. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील अध्यापक डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनच वेळा जेवण्याची पद्धत गावोगाव व्याख्याने देऊन सांगितली. मूळ विचार नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांचा. ते २००४ मध्ये अपघातात वारले. कडक भूक लागेल तेव्हाच, दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी पंचावन्न मिनिटांच्या आत जेवावे आणि रोज पंचेचाळीस मिनिटे चालावे, असे ह्या पद्धतीचे थोडक्यात स्वरूप आहे. वरचेवर खाल्ल्याने शरीरात इन्सुलिन पुन्हा पुन्हा वाढते, हा तिचा आधार. ह्याउलट मुंबईच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर बरीच वर्षे सांगत आल्या होत्या की फार वेळ उपाशी राहू नये, थोडे थोडे परंतु दर दोनतीन तासांनी खावे, आपल्या भागात पिकते ते खावे, आणि तुपाला भिऊ नये.

दोघेही शिकलेले, दोघांचाही हेतू चांगला, आणि दोघांच्याही मागे बरे वाटलेल्या लोकांची रांग. वर्तमानपत्रांनी आणि दूरदर्शनवरील वाहिन्यांनी त्याचा आखाडा केला. घराघरांत दोन पक्ष पडले. करिंथ येथील मंडळीत पौलाचे आणि अपुल्लोसाचे असे तट पडले होते, त्याची आठवण व्हावी अशी ती स्थिती होती. आज तो गलबला शमला आहे, पण त्याच्या जागी रोज नवे काही मोबाईलवर येतच असते.

त्या वादात कोण बरोबर होते, हे आम्ही येथे ठरवू इच्छीत नाही. आम्हांला लक्ष वेधायचे आहे ते वेगळ्याच गोष्टीकडे. डॉ. दीक्षितांच्या पद्धतीला अटी होत्या. गरोदर स्त्रिया, अंगावर पाजणाऱ्या माता, अठरा वर्षांखालील मुले आणि पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचे रोगी यांच्यासाठी ती नाही. आरंभी रक्ताची तपासणी करून घ्यावी, असे त्यात सांगितलेले होते. परंतु सल्ला तोंडातोंडी प्रवास करू लागला की पहिल्याच मुक्कामाला त्याच्या अटी गळून पडतात. "दोनदा जेवा" एवढेच चार शब्दांच्या आत उरते. जो व्याख्यानाला बसला होता त्याने अटी ऐकल्या. त्याच्या मेहुणीने त्या अर्ध्या ऐकल्या. मेहुणीच्या शेजारणीपर्यंत त्या पोहोचल्याच नाहीत.

ह्याने काय होते? समजा, मैलूरमधील एका साठीच्या मावशींना मधुमेह आहे आणि त्या ग्लिमेपिराईडची गोळी घेतात. ही गोळी शरीराला इन्सुलिन सोडावयास लावते. पोटात अन्न आहे की नाही हे ती पाहत नाही. मावशींनी ऐकीव सल्ल्यावरून सकाळची न्याहारी सोडली, परंतु गोळी मात्र नेहमीप्रमाणे घेतली. अकराच्या सुमारास दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते, बोलणे असंबद्ध होते. घरच्यांना वाटते, उन्हाने झाले असेल. खरे म्हणजे रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरलेली असते. शुद्ध असेल तर अशा वेळी तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून ताबडतोब द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठावा. जे इन्सुलिनची सुई घेतात त्यांना हा धोका अधिक. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्याला तो सहसा होत नाही. म्हणजे "मधुमेह" हे नाव एकच असले तरी दोन रोग्यांच्या गोळ्या वेगळ्या, आणि गोळ्या वेगळ्या म्हणून सल्लाही वेगळा. साक्ष देणाऱ्या शेजाऱ्याला हे ठाऊक असते काय?

तीच गोष्ट रसांची. दुधीचा रस कडू लागत असेल तर तो विषारी असू शकतो. असा रस पिऊन काहींचे प्राण गेले, तेव्हा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेला ह्या विषयासाठी समिती नेमावी लागली. "औषध कडूच असते" असे म्हणून तो घोट गिळणारा मनुष्य मूर्ख नव्हता. त्याने विश्वास ठेवला होता.

आता दुसरी बाजू. हे सर्व वाचून डॉक्टरांनी "असली खुळे सोडा" म्हणून हात झटकावेत, असे मात्र आम्ही म्हणत नाही. आहारात औषधाइतके सामर्थ्य आहे. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमध्ये झालेल्या एका प्रयोगाचा अहवाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या प्रकारचा मधुमेह होऊन सहा वर्षे उलटली नाहीत, इन्सुलिन चालू नाही, अशा सुमारे ३०० लोकांपैकी निम्म्यांना तीन ते पाच महिने दिवसाला सुमारे ८५० उष्मांकांचाच आहार दिला. एका वर्षाअखेर त्यांच्यापैकी ४६ टक्के लोकांची साखर औषधांशिवाय मर्यादेत होती. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ४ टक्के होते. परंतु ह्या प्रयोगात मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधे पहिल्याच दिवशी थांबविली होती, आणि शिकविलेल्या परिचारिका व आहारतज्ज्ञ रोग्यांना वारंवार पाहत होते. आपल्या मावशींनी जेवण कमी केले, पण औषध कोणी कमी केले नाही आणि त्यांना कोणी पाहिले नाही. फरक एवढाच, पण तो जीवनमरणाचा आहे.

आणि डॉक्टर तरी ह्या लाटेच्या बाहेर कोठे असतात? दवाखान्यात मिळणारा छापील आहारतक्ता पाहा. भात बंद, बटाटा बंद, ओट्स खा, ऑलिव्हचे तेल वापरा. ज्या घरी रेशनचा तांदूळ येतो आणि पाच माणसे त्यावर जेवतात, त्या घरात हा तक्ता खिळ्याला टांगण्यापलीकडे काय उपयोगाचा? रोगी तो पाळू शकत नाही. पाळत नाही म्हणून पुढच्या वेळी रागावून घेतो. मग काय खातो ते सांगण्याचेच सोडून देतो. एकीकडे शेजाऱ्याचा ऐकीव उपाय तो डॉक्टरांपासून लपवितो, दुसरीकडे घरातील अडचण लपवितो. अशा स्थितीत सर्वांत चांगला डॉक्टरही आंधळ्यासारखा औषध देतो.

कोणी म्हणेल, हे नवे सगळे टाका, आजीचे खाणे बरे होते. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी ह्या आपल्या ताटाविषयी आम्हांलाही प्रेम आहे. २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले गेले आणि गरिबाची भाकरी हॉटेलांच्या टेबलावर गेली, ह्याचाही आनंद आहे. तरीही जुन्याची पूजा करू नये. आपल्या शेजारच्या हैदराबादेत राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कामात पुढे अग्रणी ठरलेले डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतय्या यांनी १९६० मध्ये दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्या गरिबांतील पेलाग्रा रोगाविषयी लिहिले. उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडून सोलते, जुलाब लागतात, मन भ्रमिष्ट होते, असा हा रोग. तो नायसिन ह्या जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होतो. ज्वारीतील नेमका दोष कोणता ह्यावर शास्त्रज्ञांत पुढे वाद झाला. परंतु भाकरीबरोबर डाळ, दूध, भाजी ज्याच्या ताटात होती त्याला हा रोग सहसा होत नव्हता. आजीची भाकरी चांगली होती. नुसत्या भाकरीवर जगण्याची पाळी येणे चांगले नव्हते. ज्या घरात ते घडले तेथे ती परंपरा नव्हती, दारिद्र्य होते.

ह्या बाबतीत ख्रिस्ती लोकांनी सावध असावे ह्याला आणखी एक कारण आहे. आपण खाण्याला चटकन देवाच्या नावाचा शिक्का लावतो. २०११ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सॅडलबॅक ह्या मोठ्या मंडळीचे पाळक रिक वॉरन यांनी दानीएलाच्या नावाने वजन उतरविण्याची मोठी योजना काढली. हजारो लोक तीत सामील झाले. आपल्याकडेही दानीएलाचा उपास म्हणून भाजीपाल्यावर राहणारे आहेत. त्यांना लाभ होत असेल तर आनंदच आहे. पण दानीएलाच्या पुस्तकाचा पहिला अध्याय नीट वाचावा. दानीएलाला वजन उतरवायचे नव्हते. राजाच्या अन्नाने आपण विटाळू नये, हा त्याचा प्रश्न होता. दहा दिवसांनी तो आणि त्याचे सोबती इतरांपेक्षा अंगाने भरलेले दिसले, असे तेथे सांगितले आहे.

आमच्या विषयासाठी त्या अध्यायातील दुसरीच गोष्ट मोलाची आहे. दानीएलाने मुदत मागितली, ती दहा दिवसांची. त्याने पाहणी मागितली : आम्हांला पाहा आणि मग ठरवा. ज्याच्यावर त्याची जबाबदारी होती त्या अधिकाऱ्यापासून त्याने काही लपविले नाही. आणि स्वतःवर व राजी असलेल्या तिघा सोबत्यांवर प्रयोग करून तो थांबला. सगळ्या बाबेलला त्याने डाळभाजीचा हुकूम सोडला नाही. खाण्याचा नवा प्रयोग करणाऱ्या कोणालाही ह्याहून चांगला धडा मिळणार नाही. मुदत असावी, तपासणी असावी, डॉक्टरांना ठाऊक असावे, आणि प्रयोग आपल्यापुरता असावा.

रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौलानेही खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याचा न्याय करू नये, असे शिकविले आहे. आज हा न्याय ताटावरून आणि कंबरेवरून केला जातो. ज्याची साखर वाढली त्याच्याकडे आपण अशा नजरेने पाहतो की जणू त्याने चोरून लाडू खाल्ला. जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनी विचारले होते की पाप कोणाचे. प्रभूने तो प्रश्नच बाजूला सारला. मधुमेहात रक्ताच्या नात्याने आलेला वाटा असतो, वयाचा असतो, पोटासाठी कराव्या लागणाऱ्या कामाच्या वेळांचाही असतो. रोग्याला साखरेबरोबर अपराधाचे ओझेही वाहावयास लावणे ही सेवा नव्हे.

म्हणून आम्ही मंडळीपुढे थोड्याच गोष्टी ठेवतो. ज्याला गुण आला त्याने आनंदाने सांगावे, परंतु आपले वय, आपला रोग आणि आपल्या गोळ्याही त्याबरोबर सांगाव्यात, आणि "तुम्हीही हेच करा" ह्याच्या जागी "तुमच्या डॉक्टरांना विचारा" असे म्हणावे. आजाऱ्यांच्या भेटीला जाणाऱ्या भगिनींनी उपाय सांगण्याआधी काय खाता, काय परवडते, कोणती गोळी कधी घेता, हे विचारावे. जरूर पडल्यास दवाखान्यात बरोबर जावे आणि घरची अडचण डॉक्टरांना सांगण्यास धीर द्यावा. मंडळीत जे डॉक्टर आणि परिचारिका आहेत त्यांनी तक्ता देण्यापूर्वी रोग्याच्या घरची चूल समजून घ्यावी. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी कोणत्याही मुलाच्या अंगलटीवरून थट्टा होऊ देऊ नये. वाढत्या वयाच्या मुलामुलींना वजन उतरविण्याचे उपाय वर्गात सांगू नयेत. आणि प्रीतिभोजनात ज्याने गोड नाकारले त्याला आग्रह करू नये, ज्याने घेतले त्याच्या ताटाकडे पाहू नये.