हातभर जागा

माणसाला फार मोठ्या गोष्टी आठवतात त्या बहुधा एखादी लहान गोष्ट टाळायची असते तेव्हा. निदान माझा स्वभाव तरी तसा आहे.

रत्नागिरीजवळच्या आमच्या गावी सड्यावर सामाईक कलमांची बाग आहे. शेजारच्या बागेचा नि आमचा गडगा पावसात ढासळला आणि नवा रचताना तो हातभर आमच्या हद्दीत आला. धाकट्या चुलतभावाने फोन केला, "दादा, सातबारावर तुझेही नाव आहे. मोजणीच्या दिवशी तेवढा येऊन जा."

मी त्या वेळी भूगर्भशास्त्रावरचे एक पुस्तक वाचत होतो. म्हणालो, "अरे, आपला सडा म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तेव्हा आपला देश विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. मग पश्चिमेचा एक तुकडा तुटून दूर गेला. त्याचे अवशेष आज सेशेल्स बेटांत आहेत. वीस हजार वर्षांपूर्वीच्या हिमयुगात दर्या सुमारे १२० मीटर खाली होता, आपला किनारा कितीतरी पश्चिमेला होता. जिथे देश आणि दर्या जागेवर राहिले नाहीत, तिथे हातभर जागेचे काय घेऊन बसलास?"

"बरे, दादा," एवढेच तो म्हणाला. मी गेलो नाही. आपण मोठे उदार झालो, असे मात्र मला दिवसभर वाटत राहिले.

दिवाळीत गावी गेलो. नरकचतुर्दशीचा फराळ आटोपल्यावर तो मला सड्यावर घेऊन गेला. पायाखाली तांबडा जांभा होता. हा जांभा म्हणजे काळ्या कातळाचेच म्हातारपण. उष्ण हवा, मुसळधार पाऊस आणि मागोमाग कोरडा उन्हाळा, असे लाखो वर्षे चालले. पावसाने दगडातला चुना आणि सिलिका थोडी थोडी धुऊन नेली. लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले. लोहाचा तो गंजाचा रंग.

भाऊ गडग्यापाशी थांबला. "इथे कातळाला सुरुंग लावून खड्डे केले तेव्हा बाबा होते. माती मात्र खालच्या मळ्यातून आणली. आईने आणि मी, डोक्यावरून. कलमे तीनही आपल्याच बाजूला आहेत रे. पण आळ्याला पाणी घालायला आता उभे कुठे राहायचे?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच मला उत्तर सुचेना.

परतताना मनात हिशेब सुरू झाला. आपली भूमी अजूनही ईशान्येकडे सरकते आहे, वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर. म्हणजे तीन बोटे. हातभर अंतर काटायला तिला नऊ वर्षे लागतात. अशी बोटाबोटांनी सरकतच ती विषुववृत्त ओलांडून आली आणि आशियाला भिडून हिमालय उभा राहिला. १९१२ साली आल्फ्रेड वेगेनरने खंड सरकतात असे मांडले, तेव्हा बहुतेक विद्वानांना ते पटले नाही. मला पटले होते. पण त्यातून मी नेमका उलटा अर्थ काढला होता. कोट्यवधी वर्षांपुढे हातभर जागा क्षुद्र ठरते, असे मी समजत होतो. पण ती कोट्यवधी वर्षे बनली आहेत कशाची? तीन बोटांची, एकेका सरीची आणि सरीबरोबर वाहून गेलेल्या कणांची. डोक्यावरची मातीची पाटी त्याच मापातली. क्षुद्र ठरवायचेच असेल, तर प्रथम हे सारे ठरवावे लागेल.

आणि ज्याला तिथे उभे राहून पाणी घालायचे नाही, त्याने हातभर जागा सोडून देणे, हे औदार्य कसले? ते मी दुसऱ्याच्या घामातून केलेले दान होते.

पाडव्याला फराळाचे ताट घेऊन शेजारच्या तात्यांकडे गेलो. त्यांची काही बदमाशी नव्हती. गड्याने दगड रचले तसे रचले गेले होते. मी म्हणालो, "तात्या, पुन्हा मोजणी मागवू या. दोन्ही घरची माणसे उभी राहू. मी येतो."

तात्यांनी चकलीचा तुकडा मोडला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "येतो म्हणता ना? मग होईल."

त्या 'म्हणता ना'चा अर्थ मला कळला. तारीख लागेल तेव्हा लागेल. तिकिटाचे पैसे मी आजच बाजूला काढून ठेवले आहेत.