शेजारचा आवाज

बसा. खुर्चीवर, सतरंजीवर, ओट्यावर, जिथे असाल तिथे. पाठ लगेच ताठ करू नका, ती हळूहळू होईल. आज गायचं नाही. ज्या माणसाने तुम्हाला कधीतरी गायला लावलं, त्याच्यापाशी थोडा वेळ थांबायचं आहे.

डोळे मिटून नगरमधली एक संध्याकाळ मनात आणा. कागदोपत्री आता अहिल्यानगर, बोलण्यात अजून नगर. सावेडीतल्या एका शाळेचा तळमजल्यावरचा वर्ग. बाक भिंतीला सरकवलेत. फळ्यावर सकाळचा भूमितीचा त्रिकोण तसाच आहे. सतरंजीवर दहा-बारा माणसं बसली आहेत. बँकेतून परस्पर आलेले एक गृहस्थ, मांडीवर रिकामा डबा. प्रवेशिकेच्या परीक्षेला बसणाऱ्या दोन मुली. भजनी मंडळातल्या एक आजी, ज्यांना कितीतरी चाली पाठ आहेत पण स्वरांची नावं येत नाहीत. भिंगारहून सायकलवर आलेला आठवीतला मुलगा, ज्याचा आवाज याच महिन्यात फुटलाय. बाई जरा उशिरा येतात. दिवसभर दुसऱ्या शाळेत पाचवी-सहावीला शिकवून त्यांचा घसा ओढलेला असतो. त्या पेटी उघडतात, भाता सोडवतात आणि कुणाशी काही बोलण्याआधी एक सूर धरून ठेवतात.

त्या सुरापाशी थांबा. तो संपायची वाट पाहू नका.

"पांढरी चार," बाई म्हणतात. एवढ्या दोन शब्दांमागे केवढा विचार असतो, हे मला फार उशिरा कळलं. पुरुषांचा षड्ज बहुधा काळी एक ते काळी दोनच्या आसपास असतो, बायकांचा काळी चार-पाचच्या. सगळ्यांनी एकत्र गायचं तर मधलीच कुठली तरी पट्टी धरावी लागते. ती पुरुषांना थोडी चढी पडते, बायकांना थोडी खाली. एकट्याला शिकवताना गुरू शिष्याच्या गळ्याला मानवेल ती पट्टी शोधतो. इथे बारा गळे असतात, आणि प्रत्येकाला थोडंसं अवघडावं लागेल पण दुखणार मात्र कुणालाच नाही, अशी जागा बाई रोज नव्याने शोधतात. आज आजींचा आवाज जड आहे, तेव्हा अर्ध्या सुराने खाली. आज मुलींना वरचं झेपतंय, तेव्हा थोडं वर. हे त्या कुणाला सांगत नाहीत. पेटीवरचं बोट एक पट्टी सरकतं, बस.

तुमच्यासाठी कुणी अशी पट्टी उतरवली होती का? गाण्यातच असं नाही. घरी, नोकरीत, परक्या गावात. उत्तर लगेच सापडायला हवं असं नाही. प्रश्न जवळ ठेवा आणि श्वासाकडे या.

श्वास घेताना खांदे वर जातात का, ते पाहा. जात असतील तर जाऊ द्या, फक्त लक्षात घ्या. पुढचा श्वास जरा खाली उतरू द्या, बरगड्यांच्या कडांपर्यंत. सोडताना घाई नको. हीच हवा गळ्यातल्या दोन लहान पट्ट्यांमधून जाते. बाईमाणसाच्या गळ्यात त्या दीडएक सेंटिमीटर लांबीच्या असतात, आणि काळी चारचा षड्ज लावला की सेकंदाला 200 हून थोड्या जास्त वेळा उघडतात-मिटतात. तबला शिकवणारा शिष्याचं बोट धरून ते चाटेवर ठेवू शकतो. चित्रकला शिकवणारा कुंचल्याचा कोन बदलून देऊ शकतो. गळ्यात मात्र कुणाचा हात पोचत नाही. गाण्याच्या शिक्षकाकडे उपमाच असतात. जांभई येताना जसा घसा मोकळा होतो तसा ठेव. मोगऱ्याचा वास घेतोस तसा श्वास घे. सूर समोरच्या भिंतीवर नेऊन ठेव. बाहेरून ऐकणाऱ्याला हे बोलणं विचित्र वाटेल. ज्याला एकदा त्यातून सूर सापडला, त्याला त्यातला प्रत्येक शब्द शब्दशः खरा वाटतो.

आता नुसतं ऐका. बाईंनी कोपऱ्यात तंबोरा लावला आहे. हल्ली तो यंत्राचा असतो आणि त्याने पुष्कळांची सोय झाली आहे, पण लाकडाच्या तंबोऱ्याशेजारी एकदा तरी बसावं. चार तारा, पंचम आणि तीन षड्ज. घोडीवर तारेखाली जवारीचा बारीक दोरा सरकवला की तार झणझणायला लागते, आणि खर्जाची तार मिटत जाताना तिच्यातून गंधार ऐकू येतो. गंधारात एकही तार लावलेली नाही. तारेच्या मूळ कंपनात त्याच्या पाचपट वेगाची कंपनंही दडलेली असतात, तोच हा सूर. जुने लोक त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. पहिल्या दिवशी तो ऐकू येत नाही. आठव्या-दहाव्या दिवशी येतो, आणि एकदा आला की मग कान तो सोडत नाही.

समूहात असंच काहीसं होतं, म्हणून तंबोऱ्याचं एवढं सांगितलं. बारा जणांचा सूर जुळला तरी आवाज एक होत नाही, कारण प्रत्येकाचा आकार वेगळा असतो. एकाचा 'आ' उघडा, एकीचा नाकात, कुणाचा 'अ'कडे झुकलेला. बाई एकेकाच्या समोर जातात, स्वतःचं तोंड उघडून दाखवतात आणि पुढे सरकतात. नाव घेऊन चूक सांगत नाहीत. मग कधीतरी, बहुतेक वेळा तास संपत आल्यावर, सगळे आकार एकमेकांत बसतात. अर्धा मिनिट कुणालाच स्वतःचा आवाज वेगळा ऐकू येत नाही. वर्ग भरून जातो आणि त्यातलं आपलं कोणतं, हे सांगता येत नाही.

त्या अर्ध्या मिनिटात जरा राहा.

या गावाला असं शिकवणं नवं नाही. 1831 साली अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं. चर्च झाली, उपासना झाल्या आणि गाण्याचा प्रश्न उभा राहिला. इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरित गीतं होती, पण मराठी शब्दाचा तोल त्या चालींत सांभाळला जाईना. गाणाऱ्यांच्या घशात ओवी होती, अभंग होता, जात्यावरची लय होती. कृष्णराव सांगळे यांनी कीर्तनाचा देशी घाट घेऊन ख्रिस्ती कीर्तन केलं. पुढे नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, नगरला आले, आणि त्यांनी अभंग-ओवीच्या वळणाची भजनं लिहिली, एकदोन नव्हे, शेकड्यांनी. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मुळे आपण टिळकांचं घर ओळखतो, त्यांचा भाबडेपणा आणि रागही ओळखतो. मला मात्र त्यांच्या या कामात कवीइतकाच गाण्याचा शिक्षक दिसतो. समोरच्या घशात आधीच काय आहे हे ज्याने ऐकलं, आणि तिथूनच सुरुवात केली, असा शिक्षक. मराठी चर्चमध्ये ती भजनं आजही गायली जातात. नाताळात सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास अशा चार ओळींचा गायनवृंदही उभा राहतो, आणि त्याच्यापुढे कुणीतरी लोकांकडे पाठ करून हात उचलतं. सगळा कार्यक्रमभर लोकांना या माणसाची फक्त पाठ दिसते.

सप्ताहात गेला असाल तर तिथलंही आठवा. या जिल्ह्यात सप्ताह नाही असं गाव शोधावं लागेल. सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या परंपरेतला सप्ताह तर अख्ख्या परिसराचा होतो. कीर्तनाच्या पत्रिकेवर महाराजांचं नाव आणि फोटो मोठा असतो. खाली बारीक अक्षरात गायनाचार्य आणि मृदंगाचार्य. कीर्तनकाराने चरण टाकला की मागून चाल उचलणारे हेच. टाळकऱ्यांच्या दोन रांगा पाऊल टाकतात, नवखा पोरगा शेवटी उभा असतो, आणि त्याला कुणी काही शिकवत नाही. शेजारच्याचं पाऊल आणि शेजारच्याचा आवाज एवढाच त्याचा वर्ग. महिनाभरात त्याचा टाळ इतरांच्या टाळात मिसळलेला असतो.

नेवाशाला प्रवरेकाठी पैसाचा खांब आहे. 1290 साली ज्ञानेश्वरांनी तिथे गीता मराठीत सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, ही आपल्याला लहानपणापासून माहीत असलेली गोष्ट. त्या ग्रंथात ज्ञानदेव श्रोत्यांकडे पुनःपुन्हा एक गोष्ट मागतात: अवधान. त्यांनी दिलं तर आपलं बोलणं फुलेल, असं त्यांचं म्हणणं. समूहाला गायला शिकवणारा माणूस हेच मागतो. सूर नंतर.

आता एक जुनी गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मी सातवीत असताना समूहगीताच्या स्पर्धेआधी एका शिक्षकांनी मला मागच्या रांगेत उभं केलं आणि म्हणाले, तू ओठ हलव, आवाज काढू नकोस. शाळेला ढाल मिळाली. फोटोत मी आहे, तोंड उघडलेलं आहे. त्यानंतर तीस वर्षं गणपतीच्या आरतीत मी टाळ्या वाजवल्या. मुलीला झोपवताना गोष्टी सांगितल्या, अंगाई कधी म्हटली नाही. मांडीवर डबा घेऊन सतरंजीवर बसलेले ते गृहस्थ म्हणजे मीच.

पहिले तीन आठवडे बाईंनी मला गायला सांगितलं नाही. "आजींच्या शेजारी बसा," एवढंच म्हणाल्या. "त्यांचा आवाज ऐका. ऐकू येणं बंद झालं, तर तुमचा मोठा झालाय असं समजा." चौथ्या आठवड्यात मी कधी गायला लागलो, ते मला सांगता येणार नाही. आजींच्या आवाजाखाली माझा आवाज ठेवलेला होता, चटईखाली चप्पल सरकवावी तसा. आजी वळल्या नाहीत, पण तास संपल्यावर म्हणाल्या, "भाऊ, आज जरा आधार वाटला."

तुम्हालाही कुणी कधी ओठ हलवायला सांगितलं असेल. ती जागा आठवत असेल तर तिच्याजवळ या. काही करू नका. तिथे उभ्या असलेल्या त्या पोराच्या किंवा पोरीच्या शेजारी जाऊन फक्त बसा.

भिंगारच्या मुलाचं सांगायचं राहिलं. आवाज फुटल्यावर तो मधेच चिरकायचा, मुली हसू दाबायच्या, आणि तो दाराजवळच्या कडेला सरकत चालला होता. एका संध्याकाळी बाईंनी त्याला मधे बसवलं. "तू आज काही म्हणू नकोस, खालचा षड्ज तेवढा धरून ठेव. श्वास संपला की घे, परत धर." नव्याने उतरलेल्या त्याच्या आवाजाला तेवढा एकच सूर भक्कम लागत होता. आम्ही बाकीचे त्याच्यावर गायलो. आमचा सूर हलला की आमचे कान त्याच्याकडे जायचे. त्या दिवशी तंबोरा बंद होता, हे आमच्या लक्षात उशिरा आलं.

आणि बाई? शिकवताना त्या सतत गातात, प्रत्येक ओळ आधी त्यांच्या गळ्यातून जाते. कार्यक्रमाच्या दिवशी मात्र त्या आमच्यासमोर उभ्या राहतात आणि एकही सूर काढत नाहीत. विशारद झालेल्या, कधीकाळी एकट्याने मैफल करावी असं वाटलेल्या बाई. मी एकदा विचारलं, तुम्हाला गावंसं वाटत नाही? त्यांनी पेटीचं झाकण लावलं, त्यावरची धूळ पदराने पुसली आणि म्हणाल्या, "उद्या साडेसहाला या. आजींना घेऊन या, रिक्षा मिळत नाही त्यांना."

पुन्हा वर्गात या. पंखा बंद केलाय, त्याच्या घरघरीत षड्ज हरवतो म्हणून. उकडतंय. बाहेर भाजीवाल्याची हाक येऊन गेली. मुलगा मधे बसला आहे, आजी त्याच्या डावीकडे. बाईंनी पेटीवरून हात काढून वर उचलला आहे. बारा जण एकदम श्वास घेतात आणि तो ऐकू येतो.

तुम्हीही घ्या. बाईंचा हात अजून वरच आहे.