साम्य कोणाच्या सोयीचे?

रेडिएशनपासून शरीराला वाचवणाऱ्या औषधाचा कस पाहण्याची जुनी रीत सरळ होती. तीस दिवसांत निम्मे उंदीर मरतील एवढी किरणांची मात्रा द्यायची आणि औषध टोचलेल्यांपैकी किती जगले ते मोजायचे.

1949 मध्ये अमेरिकेतल्या आर्गॉन प्रयोगशाळेत हार्वी पॅट आणि सहकाऱ्यांनी सिस्टीन आधी दिले, तर क्ष-किरणांच्या माऱ्यातून अधिक उंदीर वाचतात हे दाखवले. पुढे वॉल्टर रीड या लष्करी संस्थेने हजारो संयुगे चाळली. त्यांतून अमिफोस्टिन हाती आले.

त्याचे काम खरोखर नवलाचे आहे. टोचताना ते निष्क्रियच असते. निरोगी उतींमधल्या केशवाहिन्यांच्या भिंतींवर अल्कलाइन फॉस्फटेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, असते. ते या रेणूवरचा फॉस्फेट तोडते. मोकळा झालेला गंधकयुक्त रेणू पेशीत शिरतो आणि किरणांमुळे तयार झालेल्या घातक मुक्त मूलकांना निकामी करतो. कर्करोगाच्या गाठीत रक्तपुरवठा तोकडा आणि वातावरण आम्लधर्मी, त्यामुळे तिथे हे विकर मंदावते. लाळग्रंथी राखल्या जातात, गाठीला तेवढा आसरा मिळत नाही. किरणोपचारांनी लाळ आटून प्रत्येक घासाबरोबर पाणी प्यावे लागणाऱ्या रुग्णाला याचे मोल कळते.

हे प्राण्यांवर तपासता आले, कारण उंदराच्या आणि आपल्या शरीरात हे विकर तेच काम करते. प्रश्न इथेच उभा राहतो. मात्रा ठरवताना उंदीर आपल्यासारखा. मग मरताना तो परका कसा? जैन दर्शनाने एकेंद्रिय जीवापासून अहिंसेचा विचार केला. इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमने 1789 मध्येच प्राण्यांच्या बुद्धीऐवजी त्यांच्या वेदनेकडे बोट दाखवले. रुग्णाचे दुःख खरे आहे, म्हणून असे प्रयोग सरसकट बंद करा म्हणणे कठीण. पण संमती देऊ न शकणाऱ्याचा मृत्यू हेच मोजमाप ठरवणे त्याहून कठीण वाटायला हवे. प्राण्यांना पर्याय शोधा, संख्या घटवा, यातना कमी करा, हे रसेल आणि बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी 1959 मध्येच मांडले होते.

तरी 2015 मध्ये अमेरिकेत फिलग्रास्टिमला किरणबाधेवरचे औषध म्हणून मंजुरी मिळाली ती माकडांवरच्या प्रयोगाच्या आधारे. माणसांना मुद्दाम घातक किरण देणे अनैतिक, म्हणून तिथल्या नियमाने ही वाट 2002 पासून खुली केली आहे. औषध मिळालेल्या 24 माकडांपैकी 5 दगावली; न मिळालेल्या 22 पैकी 13. जगलेल्यांच्या आकड्यावर मंजुरी मिळाली, आणि त्या 13 माकडांचे आपण काय देणे लागतो, हे त्या नियमात कुठेच विचारलेले नाही.